तोंडानं काढून दावा

बाबालाल नदाफ आल्या आल्या गाडीला हात लावत नसे.
आधी म्हणायचा, "आवाज कसा येतोय,
तोंडानं काढून दावा."

तासगावात, चिंचणी रस्त्याला,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसमोरच्या पत्र्याच्या शेडात
माणसं मग स्टुलावर बसून इंजिन व्हायची.
पेढीवरचे दिवाणजी टोपी काढून, गंभीर चेहऱ्यानं,
खुळखुळ, खुळखुळ, मधेच एक ठक.
कॉलेजातला पोरगा नुसताच फुरफुरायचा.
"थुंकी नको, आवाज पायजे."
एक ग्रामसेवक तर पायानं गिअरसुद्धा टाकायचा,
तिसऱ्यात आला की डोळे मिटून: कुंईई.
"चढाला का उताराला?"
"चढाला."
"मागं कोण बसल्यावर?"
ग्रामसेवकानं इंजिन बंद केलं.

मी चौदा वर्षांचा, रॉकेलच्या थाळ्यात नट धुणारा,
हसू आलं की थाळ्यात बघायचो.

टॅपेट वाजतं ते शिवणाच्या मशीनसारखं, बारीक, एका चालीत.
लोक त्यालाच घाबरतात, ते साधं.
भ्यायचं ते खालून येणाऱ्या जड आवाजाला,
पोत्यात गुंडाळलेला हातोडा आपटावा तसा,
गाडी तापेल तसा वाढणारा.
टायमिंग चेन सैल झाली की सकाळी खरखरते,
उठल्या उठल्या खाकरणाऱ्या म्हाताऱ्यागत,
दोन मैलांवर गळा साफ.
"हे सांगून कळत न्हाई," नदाफ म्हणायचा,
आणि रोज सांगायचा.

त्याचा बाप पिंजारी.
दारोदार जाऊन गाद्यांचा कापूस पिंजायचा.
धनुकलीची तात धुंग धुंग चालायची,
एक सरकी आडवी आली तरी बोबडी व्हायची,
आणि बाप न बघता, बोलणं न तोडता,
बोट घालून सरकी काढायचा.
पुढं फोमच्या गाद्या आल्या.

एका दुपारी विमल खरमाटे आल्या,
सावर्ड्याच्या अंगणवाडीवरच्या,
नवऱ्याची जुनी स्प्लेंडर स्वतः चालवत.
शेडात आम्ही पाच-सहा बाप्ये.
"आवाज काढून दावा."
बाईंनी पदर खांद्यावर ओढला.
तोंड उघडलं, मिटलं.
पोरांपुढं रोज चिमणी होणारी, आगगाडी होणारी बाई,
इथं ओठ हलेना.
कुणीतरी खोकलं. चहावाला पोरगाही थांबून राहिला.

मग त्यांनी हातातल्या बांगड्या कोपराकडं सारल्या,
मनगटात एकच ठेवली,
आणि पेट्रोलच्या टाकीवर
टिक टिक टिक. खाडा. टिक टिक.
खाडा. पुन्हा तीन.

नदाफनं विडी विझवली.
"रेस दिल्यावर?"
बांगडी घाईला आली, खाडा होता तिथंच.
"न्यूट्रलला उभी असताना?"
तेच, जरा सावकाश.
"आता क्लच दाबा."
बांगडी थांबली.

"टॅपेट न्हाई, पिस्टन न्हाई. क्लच हाउसिंग.
आतली रबरं मेल्यात."
किल्ली अजून बाईंच्या मुठीतच होती.

त्या संध्याकाळी त्यानं मला लांब स्क्रूड्रायव्हर दिला.
टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला.
मी सगळंच ऐकत सुटलो:
शेडचा खांब, पाण्याचं पिंप, स्वतःचा गुडघा,
रस्ता ओलांडून कोल्ड स्टोरेजची भिंत,
आत बेदाण्यावर गुरगुरणारी थंडी.
पळत परत आलो.
"चाचा, भिंतीत खर्रर्र वाजतंय. बेअरिंग गेलंय बहुतेक."
"तिचा मालक आलाय का तक्रार घिऊन?"
"न्हाई."
"मग नट धू."